बीपीच्या पेशंटसोबत लेखी करार, क्लिनिकच्या या सेवेबद्दल

बाबांच्या बीपीसाठी आम्ही जातो तिथले डॉक्टर पेशंटसोबत एका पानाचा करार करतात. कायदेशीर वगैरे काही नाही. बाबांनी स्वतः ठरवून लिहिलंय की गोळी सकाळी ब्रश झाला की लगेच, दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत आणि बरं वाटतंय म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही. खाली डॉक्टरांचीही सही आहे, पाय सुजले किंवा कोरडा खोकला सुरू झाला तर सांगा, गोळी बदलून बघू असं त्यांनी लिहून दिलंय, आणि मला हेच सगळ्यात जास्त आवडलं कारण त्रास झाला की लोक गुपचूप गोळी सोडतात आणि बीपी वाढलेलं बहुतेकांना जाणवतच नाही त्यामुळे कळतच नाही. बाबा आता डॉक्टरांशी मोकळेपणी बोलतात, हे खूप मोठं आहे.

पण नुसत्या सहीवर विसंबू नका हं. कॉक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था आहे, तिच्या २००७ च्या रिव्ह्यूमध्येही अशा करारांनी फायदा होतोच असं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नव्हता. इथेही फॉलोअपचा फोन कधीच येत नाही, कागद फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. दर व्हिजिटला तो काढून रीडिंगसोबत बघायलाच हवा. तोवर प्रत मागून घ्या आणि स्वतःच समोर ठेवा.