अ‍ॅम्निशुअर किट: निकाल भरवशाचा, पण सोलापूरचा उन्हाळा सोसत नाही

आठव्या महिन्यात ‘अंगावरून पाणी जातंय’ म्हणत बाई आली की ते गर्भजल, पांढरं की लघवी, हा घोळ होतोच. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून बघायचं उपकरण) लावून गर्भाशयमुखातून पाणी येताना दिसलं, तर अ‍ॅम्निशुअर, म्हणजे पाणमोट (गर्भजलाची पिशवी) फुटली का ते सांगणारं किट, फोडू नका, पैसे वाया जातील. शंका उरली तरच ते कामाचं.

नायट्राझिनची पट्टी स्वस्त, पण ती नुसता पीएच (आम्ल-अल्कलीचं प्रमाण) बघते. रक्त, वीर्य किंवा योनीतला जिवाणूसंसर्ग असला तरी निळी होते. हे किट गर्भजलातलं पीएएमजी-१ प्रथिन शोधतं, त्यामुळे सहसा फसत नाही.

स्वॅब (नमुना घ्यायची काडी) योनीत 5 ते 7 सेंमी आत 1 मिनिट ठेवायचा, कुपीतल्या द्रावणात 1 मिनिट फिरवायचा, मग पट्टी बुडवायची. दोन रेघा म्हणजे पाणमोट फुटली. दुसरी पुसट असली तरी धरायचीच. एकच दिसली तर पूर्ण 10 मिनिटं थांबा, तरीही एकच असेल तर ‘निगेटिव्ह’. घाई इथेच नडते. 15 मिनिटांनंतर पट्टी वाचू नका. एकही रेघ नाही, तर ते किट बाद.

स्वॅबवर बरंच रक्त दिसत असेल तर निकालावर विसंबू नका. मंगळवेढा-अक्कलकोटकडून बाई पोचेपर्यंत पाणी जाऊन 12 तास उलटले असतील, तर ‘निगेटिव्ह’वरही नाही.

संसर्ग झालाय का, हे किट सांगत नाही. त्यासाठी थर्मामीटर आणि घड्याळच लागतं: ताप 38 अंश, आईची नाडी 100 च्या वर, बाळाचे ठोके 160 च्या वर, पाण्याला घाण वास. अशी लक्षणं दिसली तर थांबायचं नाही, बाळंतपण करायचं. नसतील आणि 34 आठवडे व्हायचे असतील, तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी डेक्सामेथासोन 6 मिग्रॅ दर 12 तासांनी चार वेळा, शिवाय अँपिसिलिन-एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकांचा 7 दिवसांचा कोर्स. अमॉक्सिक्लॅव नको, त्याने बाळाच्या आतड्याला इजा होण्याचा धोका वाढतो. प्रसूतीच्या कळा नसतील तर बोट घालून आतून तपासू नका, जंतू वर चढतात. नवजात अतिदक्षता विभाग जवळ नसेल, तर या औषधांचा पहिला डोस देऊन सिव्हिल हॉस्पिटलला पाठवा.

किट 4 ते 24 अंशांत ठेवायचं असतं. एप्रिल-मेत इथे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पंख्याखालच्या फळीवरचं किट घेऊ नका. एसी दुकानातून, मुदत बघून, लागतील तेवढीच घ्या.