राखीव सरकारी पद की खासगी नोकरी? ऑटिझम असलेल्या पदवीधराने काय तोलून पाहावं

पदवी हातात आहे, ऑटिझमचं निदान पंचविशीत कधीतरी झालंय, आणि घरात दोन सूर आहेत. आई-वडील म्हणतात सरकारी भरतीचे फॉर्म भर, मित्र म्हणतात आयटीत शिर. आधी कागदाचं बघा, कारण तो नसेल तर पहिला पर्याय उरतच नाही.

कागद म्हणजे 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर, तपासणी सरकारी रुग्णालयात. तिथे आयएसएए ही ऑटिझम मोजणारी 40 मुद्द्यांची भारतीय चाचणी होते, प्रत्येक मुद्द्याला 1 ते 5 गुण. एकूण 70 च्या खाली आले तर ऑटिझम धरला जात नाही. नीट बोलणारे, वर्षानुवर्षं चारचौघांसारखं वागायला शिकलेले प्रौढ इथेच अडकतात. अर्ध्या तासात डॉक्टरांना जे दिसतं त्यावर गुण पडतात, घरी परतल्यावर दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहणं कुणाला दिसत नाही. म्हणून लहानपण पाहिलेलं माणूस सोबत न्या, शाळेचे शेरे न्या, आणि रोजच्या अडचणी उदाहरणांसह लिहून न्या. तिथे शहाण्यासारखं वागून दाखवायची गरज नाही.

सरकारी वाट

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखीव आहेत. त्यातल्या 1 टक्क्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता असे सगळे एकत्र. म्हणजे स्पर्धा आहेच, फक्त रांग छोटी.

जाहिरातीत ‘ऑटिझम’ शोधत बसलात तर बऱ्याचदा सापडणार नाही. सरकारी बँकांच्या आयबीपीएस या सामायिक भरतीत हा गट ‘आयडी’ (बौद्धिक अक्षमता) या रकान्यात असतो, केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनमध्ये ‘इतर’ दिव्यांग म्हणून. पुढचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. प्रत्येक पदासमोर कोणत्या प्रकारचं दिव्यांगत्व चालतं ते लिहिलेलं असतं. तिथे ‘एएसडी (एम)’, म्हणजे सौम्य ऑटिझम, आहे का ते पाहा. नसेल, तर परीक्षा पास होऊनही कागदपत्र पडताळणीत बाहेर पडाल आणि वर्ष गेलं म्हणून समजा. पद बसत असेल तर केंद्राच्या थेट भरतीत वयात 10 वर्षांची सवलत आहे. परीक्षेत लेखनिक किंवा तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळू शकतो, पण तो फॉर्म भरतानाच मागायचा.

एकदा कायम झालात की नोकरी सहजासहजी जात नाही. पण पद निवडताना नुसती श्रेणी बघू नका. बँकेतला क्लार्क म्हणजे काउंटर, रांग, वाजणारे फोन, आणि महिन्याच्या सुरुवातीला पेन्शनरांची गर्दी. रेकॉर्ड, लेखा, डेटा एंट्री अशी कामं असलेलं कार्यालय कमी पगाराचं असलं तरी जास्त दिवस टिकण्यासारखं. बदलीची शक्यता आधीच विचारून घ्या. नवं गाव, नवं जेवण आणि नवा साहेब एकदम अंगावर आले की काम उत्तम असूनही माणूस कोलमडतो.

खासगी वाट

खासगीत आरक्षणाची सक्ती नाही. पण 20 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने ‘समान संधी धोरण’ तयार ठेवायचं असतं, आणि त्यात दिव्यांगांना कोणत्या सोयी देणार हेही असावं लागतं. ते एचआरकडे मागा. उत्तर कसं येतं यावरून पुढचं पुष्कळ कळतं. ऑटिस्टिक लोकांना मुद्दाम घेणाऱ्या कंपन्या आहेत, सॅप या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने 2013 मध्येच असा कार्यक्रम जाहीर केला, पण त्या जागा मोजक्या. बाकीचे नेहमीच्याच मुलाखतीतून जातात.

मुलाखतीऐवजी कामाचा नमुना देता येईल का, हे विचारायला लाजू नका. निदान सांगणं इथे तुमच्या हातात आहे. आमच्या मते बरी वेळ म्हणजे ऑफर लेटर आल्यानंतर आणि रुजू होण्याआधी. ‘मला ऑटिझम आहे’ एवढंच सांगून थांबू नका, कारण समोरच्याला पुढे काय करायचं ते समजत नाही. काम ईमेलवर हवं, सूचना एकाच माणसाने द्याव्यात, जागा दारापासून लांब आणि ठरलेली हवी, हेडफोन चालावेत, एवढं नेमकं सांगा. आणि मान्य झालेलं ईमेलवर घ्या. तोंडी सवलत मॅनेजर बदलला की त्याच्याबरोबर जाते. चांगलं चाललेलं काम सुटण्याचं हे नेहमीचं कारण.

वाढ लवकर होते, तशी नोकरीही लवकर जाते. म्हणून पहिल्या पगारापासून सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत मोठा खर्च नको. छोट्या कंपनीत ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, आहे का विचारा. त्याची पगारमर्यादा दिव्यांगांसाठी 25,000 आहे, इतरांना 21,000. नोकरी असो-नसो, राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेचा ‘निरामय’ आरोग्य विमा काढून ठेवा. 1 लाखापर्यंत संरक्षण मिळतं आणि आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

तिसरी वाट दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या उद्योगकेंद्रांची, किंवा मुंबईत जुहूच्या कॅफे अर्पणसारख्या, दिव्यांगांना कामावर घेणाऱ्या ठिकाणांची. ज्यांना कामात सतत कुणीतरी सोबत लागतं त्यांच्यासाठी ती खरोखर चांगली. मात्र हातात येणारा पैसा पगार आहे की मानधन, आणि पीएफ कापला जातो का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

पगाराच्या आड येणारी पेन्शन

आई किंवा वडील केंद्र सरकारच्या जुन्या पेन्शनमधले, म्हणजे 1 जानेवारी 2004 पूर्वी सेवेत आलेले, असतील तर हा हिशेब दोन्ही वाटांच्या आधी करा. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला पालकांच्या पश्चात फॅमिली पेन्शन आयुष्यभर मिळू शकते. फेब्रुवारी 2021 पासून अट अशी, की अपत्याचं इतर उत्पन्न त्या पेन्शनपेक्षा, म्हणजे पालकाच्या शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के अधिक महागाई सवलत, यापेक्षा कमी हवं. समजा शेवटचं वेतन 60,000. त्याचे 30 टक्के 18,000, त्यावर 50 टक्के महागाई धरली तर 27,000. महिना 15,000 चं काम या मर्यादेत बसतं. 30,000 चं बसत नाही, आणि ती नोकरी खासगी, कच्ची असेल तर एका डळमळीत पगारासाठी जन्मभराची रक्कम पणाला लागते. कायम सरकारी पद मिळत असेल तर मात्र ही काळजी सोडून द्या.

अपत्याचं नाव पेन्शनच्या आदेशात पालक हयात असतानाच नोंदवता येतं. प्रमाणपत्रावर दिव्यांगत्व तात्पुरतं लिहिलं असेल तर या पेन्शनसाठी वैद्यकीय दाखला दर पाच वर्षांनी द्यावा लागतो, कायम लिहिलं असेल तर एकदाच. प्रमाणपत्र हातात पडलं की तो शब्द आधी वाचा.