मेरझूगा की शिगागा? मोरोक्कोचे वाळवंट निवडताना

मोरोक्कोचा प्रवास आखताना माराकेश, फेस आणि शेफशाउएन यांपैकी काय गाळायचे यावर घरोघर खल होतो, वाळवंटाच्या बाबतीत मात्र पत्रकावर जे छापलेले असेल ते आपण मुकाट्याने स्वीकारतो. खरे पाहता वाळूच्या मोठ्या टेकड्यांचे प्रदेश, ज्यांना तिथे ‘एर्ग’ म्हणतात, या देशात प्रामुख्याने दोनच आहेत: मेरझूगा गावाला खेटून असलेला एर्ग शेब्बी आणि म्हामिदच्या पश्चिमेचा एर्ग शिगागा. एकाच प्रवासात दोन्ही बसवणे ही दगदग आहे, म्हणून निवड करावी लागते. मी हे दोन्ही प्रदेश दोन वेगळ्या प्रवासांत पाहिले, शिगागा २०२३च्या नोव्हेंबरात आणि शेब्बी २०२५च्या फेब्रुवारीत. दोन्ही वेळा पत्नी बरोबर होती, त्यामुळे पुढे जी मते मांडतो आहे त्यांतल्या निम्म्यांवर तिचा हक्क आहे.

तिसऱ्या एका पर्यायाबद्दल आधीच सांगून टाकतो. माराकेशहून दोन दिवसांत ‘सहारा’ दाखवून आणणाऱ्या सहली साधारणतः झागोराच्या आसपासच मुक्काम करतात. तिथली जमीन मुख्यतः दगडगोट्यांची आहे. मधूनमधून वाळूचे उंचवटे आहेत आणि उंटावर बसून छायाचित्रही निघते, पण जे चित्र मनात घेऊन आपण इतक्या दूर आलेलो असतो ते तिथे नाही. हाताशी दोनच दिवस असतील तर वाळूचा हट्ट सोडावा आणि अ‍ॅटलासच्या एखाद्या दरीत निवांत राहावे, असे मी म्हणेन.

वाटेचे सौंदर्य हाच निकष असता तर मी शिगागाच्या बाजूने बोललो असतो. माराकेश सोडल्यावर २,२६० मीटर उंचीची तिझी न’तिश्का ही खिंड ओलांडून वारझाझातला उतरायचे, आणि अगदझपासून द्रा नदीची सोबत सुरू होते. नदी म्हणावे तर पात्रात बहुधा पाणी नसते. वारझाझातजवळ १९७२ साली धरण झाले, आणि आता म्हामिदपर्यंत पाणी क्वचितच पोहोचते. तरीही काठाने मैलोन्मैल खजुराच्या बागा आहेत आणि त्यांच्या कडेला मातीच्या तटबंदीची गावे, म्हणजे ‘क्सार’, अशी उभी आहेत की भिंत कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो हे काही वेळा कळत नाही. झागोरात ‘तिंबक्तू ५२ दिवस’ असे सांगणारी, उंटांच्या तांड्याचे चित्र असलेली पाटी आहे. पुढच्या तामग्रूतला हिरव्या झिलईची मडकी भाजणारे कुंभार आणि जुन्या हस्तलिखितांचे ग्रंथालय, अशी दोन कारणे थांबण्यासाठी आहेत, आणि दोन्हींसाठी जरूर थांबावे. म्हामिदला डांबरी रस्ता संपतो. तिथून शिगागापर्यंत पन्नासेक किलोमीटरची कच्ची वाट आहे, जिला सगळे ‘पिस्त’ म्हणतात. त्या वाटेवरचे दोन तास म्हणजे एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून घाट उतरण्यासारखे आहेत. कंबरेचे दुखणे असलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

मेरझूगाकडे फेसहून येणारा रस्ता अझ्रूच्या देवदारांतून आणि तिथल्या बिनशेपटीच्या माकडांमधून निघतो, मिदेल्तचे उजाड पठार ओलांडतो आणि झिझ नदीच्या घळईत उतरतो. एर्राशिदिया आणि एरफूद यांच्या दरम्यान एका वळणावर गाडी थांबवली की खाली, दरीच्या तळाशी, खजुरांचा हिरवा पट्टा दूरवर वाकत गेलेला दिसतो. माराकेशहून आलात तर दादेस आणि तोद्रा या घळया लागतात. तोद्राचे कडे सुमारे तीनशे मीटर उंच आहेत आणि त्यांच्यामधून चालताना मान दुखते. तरी वाटेपुरते झुकते माप द्राला.

आता वाळू. शिगागा विस्ताराने मोठा, साधारण पस्तीस किलोमीटर लांब आणि पंधरा किलोमीटर रुंद. त्याचा रंग फिकट आहे आणि त्याला ठळक अशी कड नाही. झुडपे विरळ होत जातात, लहान टेकड्या मोठ्या होत जातात आणि केव्हातरी लक्षात येते की आपण चहूबाजूंनी वाळूने वेढलेले आहोत. शेब्बी याउलट अरुंद आहे, उत्तर-दक्षिण सुमारे अठ्ठावीस किलोमीटर आणि रुंदी जेमतेम पाच ते सात, पण त्याच्या टेकड्या दीडशे मीटरपर्यंत चढतात आणि त्या अकस्मात चढतात. काळ्या खड्यांच्या सपाट माळावरून गाडी जात असते आणि समोर केशरी भिंत उभी राहते. पहिल्या नजरेचा धक्का शेब्बीचा अधिक मोठा, रात्रीची शांतता शिगागाची अधिक गाढ. आकाशाबाबतही तसेच: शिगागाला मी जितके तारे पाहिले तितके शेब्बीच्या पश्चिम कडेवरून, गावातल्या दिव्यांमुळे, दिसले नाहीत.

एवढे वाचून माझा कौल शिगागाला आहे असे वाटेल. प्रवासाला निघण्यापूर्वी तो होताही. तो फिरला तो एका अगदी किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीमुळे, आणि तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

मोरोक्को ग्रीनिचच्या पश्चिमेला असूनही तिथले घड्याळ, रमजानचा महिना सोडला तर, ग्रीनिचच्या एक तास पुढे असते. परिणामी नोव्हेंबरात सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो. आम्ही दुपारी साडेचारला छावणीत पोहोचलो होतो, साडेसहाच्या आत अंधार पडू लागला होता, आणि जेवणानंतर जीपच्या चालकाने अत्यंत अदबीने सांगितले की सकाळी सातला न्याहारी आणि साडेसातला प्रस्थान, कारण त्याला म्हामिदला पोहोचून पुढची मंडळी घ्यायची होती. सूर्योदयाच्या पंधरा मिनिटे आधी! मी तरीही सहाला उठलो आणि अंधुक उजेडात सर्वांत उंच दिसणाऱ्या टेकडीच्या दिशेने चालू लागलो. वाळू बर्फासारखी गार होती आणि तिच्यावर रात्री फिरून गेलेल्या भुंग्यांच्या पायांचे ठसे होते, दोन्ही बाजूंना बारीक ठिपके आणि मधून एक ओढलेली रेघ, जणू कोणी उतारभर धावदोरा घातला आहे. मी तो धावदोरा धरून वर निघालो. अर्ध्या चढावर पोहोचलो असेन, तेव्हा खालून हॉर्न वाजला. मग दुसऱ्यांदा, जरा लांब.

मी परत फिरलो. दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते. सूर्य उगवला तेव्हा आम्ही पिस्तवर होतो आणि माझ्या वाट्याचा सहारातला सूर्योदय मी धुळीने माखलेल्या काचेतून पाहिला. चालकाला दोष देत नाही. त्याच्या पोटाचा प्रश्न होता आणि गाडी त्याने फार जपून चालवली. दोष व्यवस्थेचा आहे. शिगागाला आपण आपल्या पायांनी सहज जाऊ शकत नाही आणि आपल्या पायांनी परतूही शकत नाही, त्यामुळे तिथला प्रत्येक तास दुसऱ्याच्या घड्याळावर चालतो. हिशेब केला तेव्हा लक्षात आले की पंधरा तासांच्या मुक्कामात वाळू नीट दिसेल असा उजेड आम्हाला, पहाटेचा संधिप्रकाश धरूनही, अडीच तासच मिळाला होता. दोन रात्रींचा मुक्काम आणि स्वतंत्र जीप घेतली तर ही अडचण बरीच दूर होते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो, पण त्याचा खर्च सर्वांना मानवेल असे नाही. तसे जमणार असेल तर परतीचा मार्ग पश्चिमेकडून, इरिकीच्या तळ्यावरून फूम झ्गिदला काढावा. आम्ही गेलो तेव्हा ते तळे पाटासारखे सपाट आणि कोरडे होते. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२४मध्ये, इतका पाऊस झाला की सुमारे पन्नास वर्षांनंतर त्यात पुन्हा पाणी साचले. पाऊस पडून गेलेला असेल तर पिस्तचा भरवसा धरू नये.

मेरझूगाचा दोषही लपवत नाही, कारण तो लपणारा नाही. दुपारी चारनंतर क्वाड नावाच्या चारचाकी दुचाक्या (याहून नेमका शब्द मला सुचत नाही) टेकड्यांवरून घरघरत सुटतात, आणि सूर्य मावळेपर्यंत ती घरघर थांबत नाही. टेकडीची धार, जिच्यासाठी लोक इतक्या दूर येतात, चाकोऱ्यांनी ठिकठिकाणी फुटलेली असते. पहिल्या संध्याकाळी मी इतका वैतागलो होतो की पत्नीने मला चहाच्या तिसऱ्या पेल्यापर्यंत बोलू दिले नाही. परंतु हा त्रास टाळता येतो. आम्ही मेरझूगात न राहता थोडे उत्तरेला हस्सिलाबिएद गावात, शेवटच्या ओळीतल्या एका घरात उतरलो होतो. त्याचे मागचे दार वाळूतच उघडत होते, दार आणि टेकडी यांच्यामध्ये रस्ता नाही, कुंपण नाही, तिकीट नाही. रात्रीच्या वाऱ्याने आदल्या दिवशीच्या चाकोऱ्या बऱ्याचशा पुसलेल्या होत्या, आणि पहाटे क्वाडवाले झोपलेले असतात.

माणसांच्या बाबतीत दोन्ही बाजू तुल्यबळ आहेत. मेरझूगाकडे अमाझिघ लोक, ज्यांना बाहेरचे बर्बर म्हणतात, बहुसंख्य आहेत. २०११च्या राज्यघटनेने त्यांच्या भाषेला अरबीच्या बरोबरीने अधिकृत दर्जा दिला, आणि आता सरकारी पाट्यांवर तिची तिफिनाघ लिपी दिसते, वर्तुळे, त्रिकोण आणि क्रॉस एकत्र मांडल्यासारखी. म्हामिदकडे हस्सानिया अरबी बोलणारी भटकी कुळे स्थिरावली आहेत, आणि त्यांचा चहा अधिक कडू असतो, निदान आम्हाला मिळाला तो तसा होता. मेरझूगाच्या दक्षिणेला खमलिया गावात ग्नावा लोकांचे संगीत ऐकायला मिळते. सहारापलीकडून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचे हे गाणे २०१९ साली युनेस्कोच्या यादीत आले. त्यांच्या लोखंडी करताल आपल्या चिपळ्यांच्या दूरच्या नातेवाईक वाटाव्यात, आवाजाने मात्र दुप्पट. शाकाहाऱ्यांसाठी दोन्हीकडे भाज्यांचे ताजीन आहे. ते मांसाच्या रश्श्यात शिजवलेले नाही ना, एवढे विचारून घ्यावे.

तेव्हा ज्यांना रात्रीचे आकाश आणि निःशब्दता हवी आहे, ज्यांची कंबर शाबूत आहे आणि ज्यांच्यापाशी दोन रात्री आहेत, त्यांनी शिगागाला जावे. त्यांना पश्चात्ताप होईल असे वाटत नाही. एकच रात्र असेल, बरोबर ज्येष्ठ माणसे किंवा मुले असतील, किंवा माझ्यासारखा सकाळी एकट्याने पाय मोकळे करण्याचा स्वभाव असेल, तर मला मेरझूगा अधिक योग्य वाटते. छावणीतली रात्र नाही केली तरी चालेल, पण खोली मात्र पूर्वेच्या शेवटच्या ओळीतच मागावी.

तिथल्या दुसऱ्या सकाळी मी पावणेसातला मागच्या दाराने निघालो. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर चालण्याची सवय इथे थोडीफार उपयोगी पडते. तरी एक पाऊल वर टाकावे तर अर्धे खाली येते, आणि माथ्यावर पोहोचायला मला पंचावन्न मिनिटे लागली. पूर्वेला वाळू संपून अल्जीरियाच्या बाजूचे काळपट पठार सुरू होत होते. ती सीमा १९९४पासून बंद आहे. आठच्या सुमारास तिच्यामागून सूर्य वर आला, टेकड्यांची एक बाजू केशरी झाली आणि दुसरी बराच वेळ निळसर राहिली. ती निळसर बाजू संपेपर्यंत मी बसून राहिलो. घरी परतलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. यजमानीणबाईंनी आपल्या घडीच्या पोळीसारखे म्समेन फडक्यात गुंडाळून आणि मध वाटीत झाकून ठेवला होता, आणि कुठे होतात असे कोणी विचारले नाही.