क्लचची केबल खराब होती, मेकॅनिकने गिअरबॉक्सचं बिल लावलं

पिकअप चालवणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, लांब झालंय पण पूर्ण वाचा, कारण मला यातली अर्धी माहिती आधी असती तर माझे पैसे वाचले असते.

माझ्या पिकअपचा क्लच दोन-तीन महिन्यांपासून जड होत चालला होता. हळूहळू होतं त्यामुळे लक्षात येत नाही, पायाला सवय होत जाते, पण नंतर गर्दीत गाडी चालवली की संध्याकाळी डावा गुडघा ठणकायला लागला. त्यात गिअर पण नीट पडेना. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना अडकायचं, रिव्हर्स टाकला की कर्रर्र आवाज, आणि सिग्नलला थांबलं की पहिला टाकायला दोन-दोनदा क्लच दाबायला लागायचा.

एका गॅरेजला गाडी नेली. मेकॅनिकने जेमतेम पाच मिनिटं चालवून बघितली आणि म्हणाला क्लच प्लेट (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारी चकती) जळालीय, गिअरबॉक्सच्या सिंक्रो रिंगा (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या कड्या) पण गेल्यात, गिअरबॉक्स खोलावा लागेल, असंच चालवलं तर आतले दात तुटून रस्त्यात उभे राहाल. घाबरलो मी, गाडीवर पोट आहे माझं. गाडी सोडून आलो, दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला की अजून बेअरिंग पण खराब निघालंय करू का, आणि मी फोनवरच हो म्हणालो. ही माझी सगळ्यात मोठी चूक.

गाडी मिळाली तेव्हा क्लच खरंच हलका वाटला, गिअर पण पडत होते. जळालेली काळी प्लेट दाखवली त्याने, जुना माल मी मागितला म्हणून पोत्यात भरून दिला. बिलावर फक्त ‘क्लच व गिअरबॉक्स काम’ एवढंच, कुठल्या पार्टचा नंबर नाही काही नाही. दहा-बारा दिवसात क्लच परत तेवढाच कडक आणि रिव्हर्सला परत तोच आवाज. त्याच्याकडे गेलो तर म्हणे नवीन सेट आहे, बसायला वेळ लागतो, चालवत राहा.

मग दुसऱ्या एका वयस्कर मेकॅनिककाकांना दाखवली. त्यांनी आधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकायला लावले, सगळे लोण्यासारखे पडले. मग इंजिन चालू करून तेच, तर अडकतायत. काका म्हणाले बाळा, गिअरबॉक्स खराब असता तर बंद इंजिनला पण बहुतेक काहीतरी अडकलं असतं, तुझा क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे तू पेडल दाबतोस तरी इंजिनची ताकद थोडी आत जातेच, म्हणून गिअर भांडतोय. मग त्यांनी क्लचची केबल दोन्हीकडून सोडवून हाताने ओढून बघायला दिली. सुटी केबल सरसर फिरली पाहिजे, माझी जागेवर गच्च! सायलेन्सरच्या पाइपजवळ तिचं बाहेरचं कव्हर वितळून चेपलं होतं आणि आतल्या तारेचे दोन-तीन पदर तुटून आतच घासत होते. कडक पेडल पण त्यामुळे, आणि गिअर न पडणं पण त्यामुळेच, कारण कव्हर चेपतं तेव्हा पेडलची अर्धी हालचाल तिथेच खर्ची पडते, पलीकडच्या लिव्हरपर्यंत पोचतच नाही.

पहिल्या मेकॅनिकने काय केलं होतं तर केबलमध्ये तेल सोडलं होतं आणि नट आवळून ताण वाढवला होता, म्हणून ते दहा दिवस बरे गेले. पेडलला वरती थोडी मोकळी चाल असायला पाहिजे, ती त्याने पूर्ण काढून टाकली होती. काका म्हणाले असाच चालवला असतास तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं बेअरिंग) कायम टेकून फिरत राहिलं असतं आणि नवी प्लेट पण घसरून जळाली असती.

मग गाडीखाली नेऊन दाखवलं. बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्स इंजिनला जिथे जोडतो त्या कव्हरच्या) बोल्टवर पान्याचे ताजे ओरखडे होते, म्हणजे गिअरबॉक्स उतरवला होता हे खरं. पण गिअरबॉक्स ज्या जोडावर खोलतात तिथे जुनाच सुकलेला सीलंट, त्यावर जुना चिखल. ड्रेन प्लग उघडला तर ऑइल काळं. आतून काम केलेल्या गिअरबॉक्समध्ये जुनं ऑइल राहीलच कसं?

घरी येऊन पोतं उघडलं. काकांनी सांगितलं होतं तसं जळकी प्लेट माझ्या जुन्या प्रेशर प्लेटवर (क्लच प्लेटला दाबून धरणारी तबकडी) ठेवून बघितली. प्रेशर प्लेटवर घासल्याचा जो चकचकीत पट्टा असतो त्यापेक्षा ती प्लेट चांगली बोटभर मोठी. दुसऱ्याच कुठल्या गाडीची होती ती! आणि प्लेट इतकी जळते तेव्हा प्रेशर प्लेटवर निळे डाग, बारीक चिरा दिसतात, माझी स्वच्छ होती. शिवाय माझी गाडी लोड घेऊन चढाला कधी घसरली नव्हती, रेस वाढतेय पण वेग वाढत नाही असं कधी झालं नव्हतं, जळका वास नव्हता. हे मला तेव्हाच त्याला विचारायला पाहिजे होतं.

परत गेलो तर त्याने सरळ हात वर केले, तुम्ही फोनवर हो म्हणालात म्हणे. पैसे मिळाले नाहीत, आता फोन पण उचलत नाही. काकांनी फक्त केबल बदलली, पाइपपासून लांब क्लिपने बांधली, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं गिअर ऑइल भरलं. पेडल आता हलकं आहे आणि रिव्हर्स आवाज न करता पडतो.

तुमच्या गाडीला केबल नसून हायड्रॉलिक क्लच (फ्लुइडच्या दाबाने चालणारा) असेल तर आधी डब्यातलं फ्लुइड बघा, पेडलकडचा मास्टर सिलिंडर आणि खालचा स्लेव्ह सिलिंडर गळतोय का बघा, रबरी होज आतून फुगून बंद झालाय का ते बघायला सांगा. पेडल स्पंजासारखं मऊ लागत असेल तर बहुतेक लाइनमध्ये हवा असते, ती काढली की गिअर पण पडायला लागतात. कडक पेडलचं कारण कधीकधी खरंच आत असतं, प्लेट झिजली की प्रेशर प्लेटची स्प्रिंग जड लागते, रिलीज बेअरिंग ढकलणारा लिव्हरचा फोर्क सुकलेला असतो, तेव्हा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. पण बाहेरचं सगळं तुमच्या डोळ्यासमोर बघून झाल्यावरच उतरवू द्या, आणि उतरवताना तिथे हजर राहा, जुनी प्लेट बाहेर निघते त्या क्षणी फोटो काढा.