लेकराला कुठे न्यावे: तालुक्याचा खासगी दवाखाना, जिल्हा रुग्णालय, की सेवाग्राम-नागपूर?

विदर्भातील खेड्यात राहणाऱ्या आईवडिलांपुढे लहान लेकराच्या आजारपणात साधारणपणे चार दारे असतात: जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय, तालुक्याच्या गावातील खासगी बालरोगतज्ज्ञ, जिल्ह्याचे सरकारी रुग्णालय, आणि शेवटी वर्ध्याजवळच्या सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये. सरकारी चांगले की खासगी, हा वाद पारावर कितीही रंगत असला तरी रात्री अकरा वाजता ताप उतरत नसताना तो कामाचा नसतो. त्या वेळी पुढच्या दोन तासांत लेकराला काय लागणार आणि पुढच्या पाच-सहा दिवसांत काय लागणार, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात, आणि त्यांची उत्तरे पुष्कळदा दोन वेगळ्या दवाखान्यांत असतात. पालकांचा जो मनस्ताप मी पाहिला आणि थोडाफार भोगला, त्यातला बराचसा एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात पाठवले जाताना झालेला आहे. त्यामुळे इमारत, स्वच्छता आणि नावलौकिक यांपेक्षा या पाठवणीचा विचार येथे अधिक केला आहे.

जिथे तुलना करत बसू नये

लेकरू दूध किंवा पाणी घेतच नसेल, प्यायलेले सगळे उलटून टाकत असेल, झटके आले असतील, हाक मारूनही डोळे उघडत नसेल किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर ऑक्सिजन असलेला सर्वांत जवळचा दवाखाना गाठावा, मग तो कोणाचाही असो. श्वास मोजायचा तर लेकरू शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांच्या आतील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास होत असतील, तर ते धोक्याचे मानले जाते. १०८ क्रमांकाच्या गाडीत डॉक्टर असतो आणि ऑक्सिजनही असतो, म्हणून शेजाऱ्याची जीप पाच मिनिटे आधी मिळत असली तरी पल्ला लांबचा असेल तर १०८ ची वाट पाहणे बहुधा फायद्याचे ठरते. एक वर्षाच्या आतील बाळासाठी १०२ ची सेवा मोफत आहे, आणि ती गाडी त्या दिवशी कुठे उभी आहे हे आशाताईंना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

रात्री तिथे कोण असते

तालुक्याच्या खासगी बालरुग्णालयाची मोठी जमेची बाजू अशी, की डॉक्टर बहुधा वरच्याच मजल्यावर राहतात, लेकराला पूर्वीपासून ओळखतात आणि साधा जुलाब, उलटी, घशाचा ताप यांत दोन दिवस भरती ठेवून नीट बरे करून पाठवतात. त्याच बाजूत उणेपणाही आहे, कारण तिथे सारे काही एका माणसावर चालते. डॉक्टर लग्नाला बाहेरगावी गेले तर रात्री सलाईन बदलणाऱ्या मुलीशिवाय दुसरे कोणी नसते, आणि तिला काही विचारले तर ती फोन लावते. ग्रामीण रुग्णालय बहुतेक ठिकाणी ३० खाटांचे असते. तिथे बालरोगतज्ज्ञ प्रत्यक्ष रुजू आहेत की पद रिकामे आहे, हे आजारपण येण्याआधीच विचारून ठेवावे. पद भरलेले असेल तर, माझ्या मते, साध्या न्यूमोनियासाठी तालुक्याबाहेर जाण्याचे कारण उरत नाही.

नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर किंवा गोंदियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रात्री तीन वाजताही निवासी डॉक्टर जागे असतात, रक्त मिळते आणि क्ष-किरण निघतो. या निवासी डॉक्टरांची संख्या जास्त, वय कमी आणि झोप अपुरी असते. ज्येष्ठ डॉक्टर सकाळच्या राउंडला दिसतात. आईवडिलांना जो तुटकपणा जाणवतो तो बऱ्याच अंशी या व्यवस्थेतून येतो. तो सहन करावाच असे मी म्हणणार नाही, परंतु अत्यवस्थ लेकरासाठी रात्रीचे जागे मनुष्यबळ हा निकष गोड बोलण्याच्या वर ठेवावा.

नवजात बाळाची गोष्ट वेगळी आहे. जिल्हा रुग्णालयातील नवजात अतिदक्षता कक्ष २८ दिवसांपर्यंतच्या बाळांसाठी असतो आणि बाहेर जन्मलेली बाळेही तिथे घेतात. पस्तीस दिवसांचे बाळ घेऊन गेलेल्या आईला त्या दारातून परत पाठवले की ती स्वाभाविकच संतापते. तिला बालरुग्ण विभागात जायचे असते, आणि ते दार कुठे आहे हे सांगण्याइतके कोणी थांबत नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे अशाच कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली, तेव्हापासून अनेक घरांत सरकारी कक्षाची धास्ती बसली आहे. ती धास्ती समजण्यासारखी आहे. तरीही दीड किलोच्या बाळासाठी आवाक्यातली जागा बहुधा तीच असते, आणि अग्निसुरक्षेची तपासणी कधी झाली हा प्रश्न जिल्ह्याच्या गावातील ‘एनआयसीयू’ (म्हणजे नवजात अतिदक्षता कक्ष) अशी पाटी लावलेल्या खासगी रुग्णालयालाही तितक्याच मोकळेपणाने विचारावा.

‘नागपूरला घेऊन जा’

माझा सर्वांत जास्त अविश्वास आहे तो या मधल्या, जिल्ह्याच्या गावातील खासगी अतिदक्षता कक्षांवर. त्यांतील काही उत्तम आहेत, काहींना लेकरू कधी सोडायचे ते कळत नाही. आमच्या मुलीला अशाच एका ठिकाणी ठेवले होते. रोज सकाळी अनामत रकमेची नवी मागणी होई, रोज ‘सुधारणा आहे’ असे सांगितले जाई, आणि एका रात्री अचानक ‘नागपूरला घेऊन जा’ असे सांगून हातात दोन ओळींची चिठ्ठी दिली. तिच्यावर आजाराचे नाव आणि ‘उच्च केंद्राकडे’ एवढेच होते. नागपूरच्या निवासी डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला तो प्रतिजैविकाचा शेवटचा डोस कोणता आणि किती वाजता दिला हा. आम्हाला सांगता आले नाही. जुने रक्ताचे अहवाल त्या रुग्णालयाने हिशेब पूर्ण होईपर्यंत स्वतःकडे ठेवले होते, म्हणून सगळे रक्त पुन्हा काढले, आणि दोन्ही हातांच्या शिरा आधीच सुजलेल्या असल्याने सुई पायाला लावावी लागली.

अशा वेळी भरतीच्या पहिल्याच दिवशी एक प्रश्न स्पष्ट विचारावा: कोणती गोष्ट घडली तर तुम्ही आम्हाला पुढे पाठवाल? चांगला डॉक्टर याचे उत्तर लगेच देतो. उदाहरणार्थ, प्लेटलेट अमुकच्या खाली गेल्या, ऑक्सिजन मास्कवर भागले नाही, लघवी थांबली. जो या प्रश्नाने चिडतो त्याच्याकडे अत्यवस्थ लेकरू ठेवण्याबाबत फेरविचार करावा. पुढे पाठवताना दिलेली औषधे, त्यांच्या वेळा, सगळे अहवाल आणि क्ष-किरणाची फिल्म मागावी. मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रे देणे हे डॉक्टरांवर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने बंधनकारक आहे. मात्र रुग्णवाहिका दारात उभी असताना ७२ तास काय कामाचे, म्हणून प्रत्येक अहवालाचा मोबाइलवर त्याच दिवशी फोटो काढून ठेवणे सोयीचे. ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ अशा कागदावर सही घेतली जात असेल आणि प्रत्यक्षात डॉक्टरांनीच जायला सांगितले असेल, तर तसे त्या कागदावर आपल्या हाताने लिहून मगच सही करावी.

पैशाची बाजू

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत आणि केस पेपरचेही पैसे लागत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालये दुसऱ्या विभागाकडे असल्याने तिथे तो निर्णय तसाच लागू नाही, आणि खिडकीवरची बाचाबाची अनेकदा यातूनच होते. एक वर्षापर्यंतच्या बाळाला जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात औषधे, तपासण्या आणि वाहतूक मोफत मिळायला हवी. तरीही ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात आली तर शांतपणे वैद्यकीय अधीक्षकांकडे जावे. पुष्कळदा तेच औषध आतच निघते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, परंतु ती संलग्न रुग्णालयातच आणि यादीतल्या उपचारांनाच लागू होते, हे भरती झाल्यावर कळले तर उशीर झालेला असतो. पोहोचल्याबरोबर आरोग्यमित्राचे, म्हणजे या योजनेच्या मदतनिसाचे, टेबल शोधावे किंवा घरूनच १५५३८८ वर विचारावे. शिधापत्रिकेसोबत लेकराचा जन्मदाखला ठेवावा, कारण कार्डावर लहानग्याचे नाव चढवायचे बहुतेक घरांत राहून गेलेले असते. खासगी रुग्णालयाने दरपत्रक दर्शनी भागात लावणे राज्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार आवश्यक आहे, आणि औषधे त्यांच्याच मेडिकलमधून घ्यावीत अशी सक्ती रुग्णहक्कांच्या सनदेत बसत नाही.

हे सर्व खरे असले तरी नागपूरचा मोफत उपचार मोफत पडत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत दोघांची मजुरी बुडते, घरी राहिलेल्या मोठ्या मुलाला आत्याकडे ठेवावे लागते, वडील वॉर्डाबाहेर सतरंजीवर झोपतात आणि जेवण विकत घ्यावे लागते. तीन दिवसांच्या जुलाबासाठी तालुक्याच्या खासगी दवाखान्याचे बिल या सगळ्यापेक्षा कमी भरते. आठवड्याच्या वर लांबणाऱ्या आजारात हिशेब उलटा होतो. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय या दोहोंच्या मध्ये बसते: पैसे लागतात, पण आधी आकडा कळतो.

सांगणे आणि न सांगणे

खासगीत डॉक्टर बोलतात, पण ‘काळजी करू नका’ यापुढे फारसे नाही. महाविद्यालयात बोलायलाच कोणी नसते. जे सांगायचे ते राउंडच्या घाईत आईला सांगितले जाते आणि लगेच ‘बाळाचे वडील कुठे आहेत?’ असे विचारले जाते, जणू वडिलांना सिस्टरनीच बाहेर काढलेले नसते. दोन्हीकडे उपाय एकच: घरातील एका माणसाने वही ठेवावी, तिच्यात तापाचा आकडा, लघवी, दिलेले औषध आणि वेळ लिहावी, आणि राउंडनंतर त्यानेच विचारावे.

वहीत औषधाची मात्रा ‘एक चमचा’ अशी कधीही लिहू नये. पॅरासिटामॉलचे सिरप पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम आणि पाच मिलीत २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदीत मिळते. दहा किलोच्या लेकराला किलोमागे १५ प्रमाणे १५० मिलिग्रॅम द्यायचे तर पहिल्या बाटलीचे सहा मिली लागतात, दुसऱ्या बाटलीचे तीनच. तालुक्याच्या डॉक्टरांनी लिहिलेले ‘सहा मिली’ जिल्ह्याच्या औषध दुकानातून आणलेल्या दुसऱ्या बाटलीतून दिले, की डोस दुप्पट होतो. आणि दोन वर्षांच्या आतील लेकराला खोकल्याचे औषध कुठल्याही दवाखान्याने दिले तरी पुन्हा विचारावे. २०२५ मध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातील मुले विषारी कफ सिरपने किडनी निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आली, ते आपल्याकडे कोणी विसरू नये.

सिकलसेल असेल तर

सिकलसेल हा आईवडिलांकडून लेकरात येणारा रक्ताचा आजार आहे. हातापायांचे पंजे सुजणे, वारंवार अंग दुखणे, डोळे पिवळे दिसणे आणि रक्त कमी भरणे असे ज्या लेकरात होत असेल, त्याला वर्षानुवर्षे ‘वात’ म्हणून खासगीत दुखण्याचे इंजेक्शन देत राहिलेली घरे पूर्व विदर्भात कमी नाहीत. येथे माझा कौल पूर्णपणे सरकारी व्यवस्थेला आहे. सोल्युबिलिटी ही रक्ताची पहिली चाचणी प्राथमिक केंद्राच्या पातळीवर होते, पुढची खात्रीची तपासणी वर होते, हायड्रॉक्सीयुरिया हे त्यावरचे औषध सरकारी रुग्णालयातून मिळते आणि या रुग्णांना रक्त विनाशुल्क द्यायचे असते. या लेकरांची प्लीहा नीट काम करत नसल्याने साधा वाटणारा तापही त्यांना जड जातो. त्यामुळे तापाच्या पहिल्याच दिवशी, सिकलसेलचे कार्ड हातात घेऊन, रक्तपेढी असलेले रुग्णालय गाठावे. तालुक्याला एक रात्र काढून पाहू, हा विचार यांच्यासाठी नाही.

अंतरानुसार

हिंगणघाट, पुलगाव किंवा आर्वीच्या भागात राहणाऱ्यांनी चौथ्या दिवशीही न उतरणाऱ्या तापासाठी मधला टप्पा गाळून सेवाग्राम किंवा सावंगी गाठणे बरे. वणी-पांढरकवड्याकडून यवतमाळ, चंद्रपूर की नागपूर हे त्या रात्री गाडी कोणती मिळते यावर ठरते, मात्र १०८ च्या डॉक्टरकडून पुढे फोन करवून घ्यावा. धारणी-चिखलदऱ्याकडे किंवा सिरोंचाकडे गणित वेगळे आहे. सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि एवढ्या रस्त्यात झटके येणारे लेकरू नेण्याआधी ते जवळच्या रुग्णालयात स्थिर करून घ्यावेच लागते, मग घरच्यांना कितीही घाई झालेली असो. भामरागडच्या बाजूला हेमलकशाचा लोकबिरादरीचा दवाखाना आहे. त्या टापूतील आईवडिलांनी आधी तिथेच जावे आणि पुढे न्यायचे की नाही, हे तिथल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.