फोन डेपोत जमा, की पिशवीत बंद?

मागच्या पावसाळ्यात सायनजवळ एका बसमध्ये चालकाचा अंगठा स्टिअरिंगवरच्या मोबाईलवर फिरत होता. मागे एक आजी म्हणाल्या, "अहो, समोर बघा की!" बस ताशी 40 किलोमीटरने धावली, तर तीन सेकंदांत सुमारे 33 मीटर जाते, म्हणजे जवळजवळ तीन बसच्या लांबीइतकं अंतर न बघता.

कायदा स्पष्टच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 नुसार, 2019 च्या दुरुस्तीनंतर, चालवताना फोन हातात धरून वापरणं धोकादायक ड्रायव्हिंग ठरतं. प्रश्न अंमलबजावणीचा: ड्युटीवर चालक-कंडक्टरचे फोन डेपोत जमा करून घ्यावेत, की बंद करून त्यांच्याच पिशवीत राहू द्यावेत?

ड्युटीवर जाताना डेपोत फोन जमा केला, की मोहच संपतो. पण घरी आई आजारी असेल तर? डेपोचा नंबर घरच्यांकडे हवा आणि निरोप पोचवणारं माणूसही हवं. शिवाय बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या बसवर चालक कंत्राटदाराचा असतो. त्याचा फोन कुणी ठेवून घ्यायचा? ड्युटी दुसऱ्याच टोकाला संपली तर?

फोन बंद करून पिशवीत ठेवण्यात ही भानगड नाही. शेवटच्या थांब्यावर चहा घेता घेता फोन सुरू करून निरोप बघता येतात. फक्त सगळी भिस्त माणसाच्या शब्दावर, आणि अंधेरी-कुर्ला रस्त्यावर अर्धा तास अडकलेल्या माणसाचा हात पिशवीत जातोच.

म्हणून चालकाचा फोन जमाच व्हावा, असं माझं मत. कंडक्टरचा पिशवीत राहिला तरी चालेल. सुट्ट्या पैशांच्या भांडणातून त्याला वेळ कुठे मिळतो!