पूर्ण खरेदीबंदी, ठरावीक मर्यादा की थांबा-यादी: कोणाला काय झेपेल?

हौसेची खरेदी काही काळ थांबवायची, इथपर्यंत बहुतेकांचं ठरतं. गाडी अडते ती त्यापुढे. सगळंच बंद करायचं, की नुसता हात आखडता घ्यायचा? महिनाभर की वर्षभर? रीत निवडताना चूक झाली, तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सगळं बारगळतं आणि दोष मात्र मनाच्या कमकुवतपणावर जातो.

रीती मुख्यतः तीन आहेत. पूर्ण बंदीत ठरलेल्या मुदतीत गरजेपलीकडचं काहीच घ्यायचं नाही. मर्यादेत वस्तूंची संख्या किंवा रक्कम आधीच बांधून घ्यायची. थांबा-यादीत बंदी कशावरच नसते, पण मनात भरलेली वस्तू लिहून ठेवून ठरलेले दिवस उलटल्यावरच विकत घ्यायची.

निवडण्याआधी 90 दिवसांचा हिशेब

मागच्या तीन महिन्यांचं बँकेचं विवरण, कार्डाचं बिल आणि मोबाइल पेमेंटची नोंद समोर घ्या. प्रत्येक खर्चापुढे एक अक्षर लिहा: ग म्हणजे गरज, ब म्हणजे संपलेल्या किंवा मोडलेल्या वस्तूची बदली, ह म्हणजे हौस. मग ‘ह’च्या रकमेची बेरीज करण्याआधी ‘ह’ किती वेळा आला ते मोजा. बहुतेक जण फक्त बेरीज करतात आणि खरी माहिती तिथेच हुकते.

चाळीस बारीकसारीक खरेद्या आणि तीन मोठ्या खरेद्या यांची बेरीज सारखी असू शकते, पण दुखणं वेगळं असतं. चाळीसवाल्याचा हात सवयीनं जातो: कंटाळा आला, फोन उघडला, काहीतरी मागवलं. त्याला पूर्ण बंदी लागू पडते, कारण दर वेळी निर्णय घ्यावाच लागत नाही. तीन मोठ्या वस्तू घेणारा विचार करूनच घेतो, फक्त तो विचार घाईचा असतो. त्याला बंदी जाचक वाटते आणि तिचा उपयोगही होत नाही. मुदत संपली की तीच वस्तू घरात येते. त्याच्यासाठी थांबा-यादी बरी. खर्च एकाच खात्यात साचत असेल, म्हणजे कपडे, पुस्तकं, छंदाचं साहित्य किंवा घरसजावट, तर त्या एका खात्यापुरती मर्यादा घाला. बाकीचं घर वेठीला धरायचं कारण नाही.

| | पूर्ण बंदी | मर्यादा | थांबा-यादी |
|---|---|---|---|
| कशावर चालते | सवयीच्या चिल्लर खरेदीवर | एकाच खात्यातल्या अतिरेकावर | घाईच्या मोठ्या खरेदीवर |
| आधीची तयारी | सर्वांत जास्त | मध्यम | एक वही |
| बिघाड कुठे | पहिली चूक, पळवाटा | ‘शिल्लक आहे म्हणून घेऊ’ | वस्तूचा ध्यास |
| सोयीची मुदत | 30 ते 90 दिवस | तीन-तीन महिने | कायम |

पूर्ण बंदी: सोपी दिसते, पण लिहून काढायला अवघड

‘फक्त गरजेचंच घेणार’ हा नियम नव्हे, तो नुसता संकल्प आहे. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक वस्तू गरजेची वाटू लागते. म्हणून सुरुवातीआधी कागदावर दोन याद्या हव्यात. चालेल: भाडं, वाणसामान, औषधं, प्रवास, शिक्षण, दुरुस्ती. सुई-दोरा, बटणं, गोंद, स्क्रू हे दुरुस्तीतच येतं, हे आवर्जून लिहा. चालणार नाही: हौसेच्या यादीत ज्या वस्तू सर्वाधिक वेळा आल्या त्या, नावानिशी. ‘कपडे’ असं मोघम न लिहिता ‘बाहेर घालायचे कपडे, पादत्राणं, पिशव्या’ असं लिहा.

बदलीचा नियम तर वकिलासारखा बारकाईनं लिहावा लागतो. जुनी वस्तू संपली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तरच नवी, तीही त्याच जातीची आणि एकास एक. साधी बॅग फाटली म्हणून चाकांची बॅग घेतली, तर ती बदली नव्हे, बढती झाली.

साठा मोजायला अर्धा तास पुरतो. साबण, शांपू, क्रीम, वह्या, पेनं एकदा मोजून काढा. बाटली उघडाल त्या दिवशी तळाला मार्करनं तारीख टाका. एक बाटली 40 दिवस पुरते आणि कपाटात तीन आहेत, म्हणजे 120 दिवसांची बेगमी आहे. हे डोळ्यांसमोर असलं की ‘संपत आलंय’ हे निमित्त आपोआप गळून पडतं.

बंदी मोडते ती बहुधा चार ठिकाणी. एक, सुरू होण्याच्या आदल्या दिवशीची साठेबाजी. दोन, पैसा वाट बदलतो: वस्तू थांबतात, पण बाहेरचं खाणं आणि ॲपच्या वर्गण्या वाढतात. म्हणून या दोन्ही खात्यांचा मागच्या तीन महिन्यांचा आकडा लिहून ठेवा आणि त्यावर जाऊ नका. तीन, ‘मुलांसाठी’, ‘घरासाठी’, ‘भेट द्यायला’ या पळवाटा. भेटवस्तूंची संख्या आणि रक्कम मुदतीच्या सुरुवातीलाच ठरवलेली बरी.

चौथी जागा सर्वांत घातक. एकदा चूक झाली की ‘नेम मोडलाच आहे, तर आता हेही घेऊन टाकू’. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम केलेले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी हीच साखळी मांडली होती: एका चुकीचा अर्थ माणूस ‘आपल्याला जमतच नाही’ असा लावतो आणि त्या समजुतीतूनच पुढची घसरण होते. त्यामुळे चुकीचा नियमही आधीच हवा. परत करण्याची मुदत असेल तर वस्तू परत करायची, नसेल तर तारीख आणि कारण लिहायचं. दुसऱ्या दिवसापासून तोच नियम पुढे चालू. मुदत वाढवणं, दंड लावणं, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणं यातलं काही नको. शिक्षेची भीती असली की माणूस नोंद करणंच सोडतो.

शिवाय सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते वेगळंच. झिजलेले बूट, गाडीचं गुळगुळीत टायर, दाताची भेट बंदीच्या नावाखाली पुढे ढकलली की नंतरचा खर्च मोठा असतो. सुरक्षितता, आरोग्य आणि देखभाल या तीन शब्दांत बसणारी गोष्ट अडवू नका.

मर्यादा: संख्या की रक्कम?

फक्त रक्कम बांधली तर माणूस स्वस्त आणि पुष्कळ घेतो, आणि घरात अडगळ वाढते. फक्त संख्या बांधली तर दर वेळी महागातली वस्तू निवडतो, कारण ‘वर्षातून चारच तर आहेत’. म्हणून दोन्ही बांधा: तीन महिन्यांत जास्तीत जास्त पाच वस्तू आणि त्यासाठी एक ठरलेली रक्कम, यांतलं जे आधी संपेल तिथे थांबायचं. मोज्यांच्या सहा जोडांचा संच एक वस्तू धरायचा की सहा, हेही आधीच ठरवा. हसू येईल, पण वाद याच जागी होतो.

महिन्याची मर्यादा आम्ही सुचवणार नाही. महिनाअखेर आली की उरलेला कोटा संपवायची घाई सुटते. तीन महिन्यांचं चक्र ठेवलं तर ही ओढ कमी होते. उरलेला कोटा पुढे न्यायचा नाही, नाहीतर वर्षअखेरीला सगळा साचून एकदम खर्च होतो.

एकच कमाई आणि अनेक खाणारी तोंडं असलेल्या घरात ही रीत इतर दोन्हींपेक्षा निभते. एकानं बंदी घातली आणि बाकीच्यांवर लादली, की लपवाछपवी सुरू होते. त्यापेक्षा प्रत्येकाचा स्वतंत्र छोटा कोटा ठेवावा आणि त्यातलं काय घेतलं हे विचारू नये.

थांबा-यादी: स्वस्त उपाय, एक अट

वहीत पाच रकाने: तारीख, वस्तू, किंमत, कशासाठी, आणि तेच काम घरातली कोणती वस्तू करते. शेवटचा रकाना भरतानाच बरीचशी इच्छा ओसरते. किरकोळ वस्तूला 7 दिवस, मोठीला 30.

ही यादी कागदावर किंवा फोनच्या साध्या नोंदीत ठेवा, खरेदीच्या ॲपमधल्या ‘कार्ट’मध्ये नको. कार्ट ही दुकानदाराची यादी असते. तिथून आठवणीचे संदेश येतात, ‘फक्त दोन शिल्लक’ अशी पाटी लागते. सवलतीची घाई वाटली तर सवलतीची किंमत वहीत लिहा आणि 30 दिवसांनी पुन्हा पाहा.

अट अशी की थांबण्याच्या काळात त्या वस्तूची परीक्षणं वाचायची नाहीत, व्हिडिओ पाहायचे नाहीत. नाहीतर तीस दिवसांत इच्छा मुरते आणि वस्तू आधीपेक्षा महागाची निवडली जाते. ज्यांना शोधाशोधीचाच नाद आहे, त्यांनी ही रीत घेऊच नये.

मुदत आणि पैशाची वाट

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 जणांवर केलेल्या आणि 2010 साली छापून आलेल्या अभ्यासात, एखादी कृती अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले. माणसामाणसातला फरक मात्र 18 ते 254 दिवसांचा होता. तो अभ्यास नवी सवय लावण्याबद्दल होता, जुनी मोडण्याबद्दल नव्हे, पण एवढं कळतं की 30 दिवसांत बऱ्याच जणांची खरेदी फक्त पुढे ढकललेली असते. आमचा कौल 90 दिवसांना. वर्षभराच्या बंदीत सगळे ऋतू आणि सगळे समारंभ येतात, त्यामुळे अपवाद इतके वाढतात की नियम ओळखू येत नाही.

कुठलीही रीत निवडा, पहिल्या दिवशी फोनवर साठवलेले कार्डांचे तपशील काढून टाका, खरेदीच्या सूचना बंद करा, दुकानांचे ईमेल थांबवा. कार्डानं पैसे देताना माणूस रोखीपेक्षा जास्त किंमत मोजायला तयार होतो, हे ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांनी 2001 साली तिकिटांच्या बोलीतून दाखवलं होतं. साठवलेल्या कार्डात तर ते बाहेर काढायचीही तसदी नाही.

वाचलेला पैसा त्याच दिवशी वेगळ्या बँक खात्यात हलवा. मूळ खात्यात राहिला तर रोजच्या खर्चात विरघळतो आणि तीन महिन्यांनी हाती आकडाच लागत नाही.

ज्यांच्या 90 दिवसांच्या हिशेबात ‘ह’ जेमतेम चार-पाचच आणि तेही किरकोळ निघाले, त्यांनी यातलं काहीच करू नये. त्यांचा प्रश्न मिळकतीचा आहे, खरेदीचा नाही. आणि जिथे खरेदी घरच्यांपासून लपवली जाते, त्यासाठी कर्ज काढलं जातं, तिथे नियमांच्या वहीपेक्षा समुपदेशक आधी गाठावा.

मुदत संपल्यावरचा पहिला आठवडा आधीच बांधून ठेवा: 91 व्या दिवसापासून सात दिवसांत जास्तीत जास्त एक वस्तू, तीही वहीत निदान महिनाभर टिकलेली.